गुडघा नव्हे, पोट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि आज सुरुवात एका कबुलीने करते. मे महिन्यात पुण्याला दादाच्या नातवाचं लग्न झालं, त्याला मी आले नाही. सगळ्यांना सांगितलं की गुडघा धरलाय. ते खोटं होतं. गुडघे माझे या शहात्तराव्या वर्षीही बरे आहेत. परशुरामाच्या देवळाच्या पायऱ्या मी अजून उतरते आणि चढतेही. आले नाही ती पोटामुळे.

दादाने (त्याचं वय ब्याऐंशी) माझ्यासाठी कुरिअरने गुडघ्याचा पट्टा पाठवला. तो कपाटात पडून आहे. कपाट उघडलं की दिसतो आणि माझी मलाच लाज वाटते. म्हणून हे लिहिणं.

त्या दिवशी पहाटे साडेचारला उठले. साडी, बॅग, आहेराचं पाकीट, सगळं रात्रीच काढून ठेवलं होतं. सहाला निघायचं, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, सातारा करत दुपारपर्यंत पुणे. साडेचार ते सहा या दीड तासात मी चार वेळा जाऊन आले. बेंबीखाली डावीकडे पिळवटून कळ यायची, जाऊन आलं की पाच मिनिटं बरं, की पुन्हा गुडगुड सुरू. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा. माझ्या डोळ्यांपुढे सगळा घाट. म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, माझ्याच्याने गुडघ्यामुळे बसवणार नाही." सूनबाई काही बोलली नाही. आत गेली, गरम पाण्याची पिशवी भरून माझ्या पोटावर ठेवली आणि मग गाडीत जाऊन बसली. तिला कळलं होतं.

गंमत म्हणजे ते लोक परशुराम घाट ओलांडत नाहीत तोच माझं पोट शांत! दहा वाजता मी पेज पिऊन अंगणात झाडलोट करत होते. आता हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, नाटक केलं म्हातारीने.

या दुखण्याला डॉक्टर लोक आयबीएस म्हणतात, लांब नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. (गावाचं नाव लोटे आणि दुखणं हे! ज्यांना विनोद करायचा आहे त्यांनी इथेच करून घ्या.) माझं हे १९८८ च्या पावसाळ्यापासून आहे. तेव्हा मला जोराची हगवण लागली होती, सलाईन लावावं लागलं. हगवण गेली, पण पोट काही पहिल्यासारखं झालं नाही. कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही, आणि गुबारा तर रोजचाच. आता वाचनातून कळतं की पोटाच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला हे दुखणं मागे राहतं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही." आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन रडले. काही नाही, तर मग हे काय आहे?

नोकरीतली ती वर्षं आठवली की अजून अंगावर काटा येतो. शाळा दोन खोल्यांची, संडास नव्हता. वर्ग सोडून जायचं तरी कुठे? मी माझ्यापुरता उपाय काढला. सकाळी उपाशी जायचं, शाळा सुटेपर्यंत चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मुलांना वाटायचं, बाईंचे उपास फार. एकदा एका मुलीच्या आईने मला फराळाला साबुदाण्याची खिचडी पाठवली होती!

लोटे म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, रासायनिक कारखाने आठवतात. त्यामुळे इथे कुणाचं काहीही दुखलं तरी बोट तिकडेच जातं. मीही बरीच वर्षं पाण्यालाच दोष दिला. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, दाभोळच्या खाडीत मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. पण मी महिनाभर ठाण्याला लेकीकडे राहिले तेव्हा हे पोट तिथेही माझ्याबरोबरच आलं होतं.

खरं कारण थोडं वेगळं आहे आणि मला ते मराठी शिक्षिका म्हणून फार आवडलं. आपल्या आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. मेंदूत काम करणारं सेरोटोनिन नावाचं जे द्रव्य आहे, त्यातलं शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आतड्यातच तयार होतं. आयबीएसमध्ये हे बोलणं बिघडतं. आतड्यात फुगा फुगवून पाहिलेले प्रयोग आहेत, इतरांना जेवढ्या फुगण्याचं काही वाटत नाही, तेवढ्याने यातल्या पुष्कळांना कळ येते. म्हणजे कळ खरीच असते, फक्त ती दुर्बिणीत दिसत नाही. आणि आपली भाषा पाहा. भीती वाटली की पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की पोटात खड्डा पडतो, आणि निवांत माणसाच्या पोटातलं पाणी हलत नाही. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं की!

तर माझं मत असं, की या दुखण्यातलं अर्धं दुखणं ते लपवण्याचं असतं. वाटेत लागली तर? सभागृहात संडास कुठे असेल? पुन्हा पुन्हा उठले तर लोक काय म्हणतील? या विचारानेच पोट जागं होतं, आणि ते जागं झालं की विचार वाढतो. हे चक्र मी पस्तीस-छत्तीस वर्षं फिरवलं. त्यात तीन मुंजी, एक बारसं आणि आता हे लग्न गेलं. प्रत्येक वेळी एक नवीन थाप. कधी पाहुणे आलेत, कधी ताप, कधी गुडघा.

मुलगा म्हणतो, "आई, संडासाच्या गोष्टी जगजाहीर कशाला करायच्या?" त्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. आमच्या पिढीने शब्दसुद्धा किती शोधले, परसाकडे, बाहेरची दिशा, झाड्याला... सगळे एक तोंड फिरवून बोलायचे. पण ब्लडप्रेशरचं आपण पंगतीत मोठ्याने सांगतो, साखरेचे आकडे तर एकमेकांना अभिमानाने ऐकवतो. मग आतड्यांनीच काय पाप केलंय?

लपवाछपवीचा दुसरा धोका याहून मोठा आहे. पोटाचं सगळंच काही आयबीएस नसतं. २०१६ साली ठरलेल्या 'रोम-४' निकषांत असं आहे की तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, किती वेळा जावं लागतं त्याच्याशी, शौचाच्या घट्ट-पातळपणाशी (या तिन्हींतल्या निदान दोहोंशी) असेल, तर हा विचार करायचा, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असावी. पण रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, रक्त कमी झालं असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय नव्यानेच बदलली असेल, तर घरगुती काढे पीत बसू नका. आधी तपासून घ्या. नात्यातल्या एका बाईंनी लाजेपायी दीड वर्ष काढलं होतं. त्या आता नाहीत. त्यापुढचं लिहीत नाही.

आता मला काय उपयोगी पडतं ते थोडक्यात. (तुम्हाला पडेलच असं नाही.) पथ्याचं म्हणाल तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी फॉडमॅप नावाची एक पद्धत बसवली आहे. आतड्यात नीट शोषली न जाता आंबणारी, वायू करणारी कर्बोदकं दोन ते सहा आठवडे कमी करायची आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा. कांदा, लसूण, गहू, हरभरा, दूध त्या यादीत आहेत. काजू आणि आंबासुद्धा! कोकणात राहून काजू आणि आंबा नको म्हणायचं म्हणजे शिक्षाच की. पण भात चालतो, नाचणी चालते, म्हणजे आजीची पेज पुन्हा ताटात आली. लसणीची एक युक्ती सांगते. तेलात पाकळ्या तळून काढून टाकायच्या. त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. इसबगोल मला मानवतं, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाच्या कोंड्याने मात्र माझा तमाशा झाला होता.

कळ आली की गरम पाण्याची पिशवी, डाव्या कुशीवर पडणं आणि पोटाने सावकाश श्वास घेणं. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारून घेते. आणि एक गोष्ट फार उशिरा कळली. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हालतं, सगळ्यांचंच, आपलं जरा जास्त. त्यामुळे निघायच्या आधी दोन तास उठून थोडं खाऊन घ्यायचं आणि त्याला त्याचा वेळ द्यायचा. मी त्या दिवशी उठून फक्त चहावर चहा घेत होते, पोटाला आणखी टाचणी!

औषधांबद्दलही लाज आहे. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, ५५ दवाखाने आणि ४६३ रुग्णांचा. उदासीपणासाठी वापरतात ती अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी अगदी कमी मात्रेत दिली, तर सहा महिन्यांनी आयबीएसचा त्रास बनावट गोळीपेक्षा चांगला कमी झाला. माझ्या वयाला ती फार जपून द्यावी लागते म्हणून डॉक्टरांनी मला दिली नाही. पण कुणा तरुणाला दिली तर घरच्यांनी "वेड्याची गोळी" म्हणून ती कचऱ्यात टाकू नये. आतड्याच्या मज्जातंतूंनाच ती शांत करते.

आता आपल्या आग्रहाबद्दल. "एकच पुरणपोळी, माझ्या गळ्याची शपथ!" अहो, शपथ तुमच्या गळ्याची आणि रात्र माझी. यजमानांनी एकदा विचारावं, नको म्हटलं की वाढपी पुढे न्यावा. यात कसला अपमान?

आणि संडास. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी रेल्वेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. फणस खाऊन पोट फुगलेलं, अहमदपूर स्टेशनवर ते शौचाला उतरले आणि गार्डने गाडी सोडली. लोटा एका हातात नि धोतर दुसऱ्या हातात धरून पळताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. त्या पत्रामुळेच डब्यांत संडास आले असं सांगतात. फणसाचं नाव वाचून मला तो माणूस आपल्या खेडचाच वाटतो. म्हणूनच मुंबईला जाताना मी खेड स्टेशनवरून कोकण रेल्वेने जाते. एसटी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट नेते, चांगलंच आहे. पण घाटातला एखादा थांबा आणि तिथे कडीचं, पाण्याचं, स्वच्छ संडास मिळणार असेल तर मी अख्खं तिकीट काढायला तयार आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणत बायकांनी मुताऱ्यांसाठी चळवळ केली तेव्हा लोक हसले होते. मी हसले नाही.

असो. परवा वहिनींना फोन केला आणि सगळं सांगितलं. दोन मिनिटं पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "अहो वन्सं, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं तुम्हाला आमच्याकडचं जेवण आवडत नाही." मी गप्पच झाले. हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

या भाऊबीजेला पुण्याला येतेय. दादा, खालची खोली मला दे, संडासाला लागून आहे ती. सकाळी नऊपर्यंत मला कुणी हाक मारू नये. ताटात कांदा नसलेली एक भाजी आणि भात पुरे, ओवाळणी नेहमीचीच. पट्टाही घेऊन येते. वहिनींचा गुडघा खरोखरच दुखतो, त्यांना होईल.