दुसऱ्याचं लेकरू

यंदाच्या अंकाचा विषय आहे, दुसऱ्याच्या घरी वाढलेली मुलं. दत्तक गेलेली, मामाकडे राहून शिकलेली, वसतिगृहात मोठी झालेली, अशी पुष्कळ माणसं पुढच्या पानांत भेटतील. संपादकीयात मात्र दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्सबद्दल लिहायचं आहे. सणाच्या तोंडावर हे कशाला, असा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला होता. विषय तरीही तोच ठेवला.

अ‍ॅन फ्रँक मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. ती लपली ती आईवडील आणि बहिणीसोबत. पण अख्ख्या कुटुंबाला एकत्र थारा देणारं घर बहुतेक ज्यूंना मिळत नसे. म्हणून पोटची पोरं एकेकटी, अनोळखी हातांत द्यावी लागली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९४२ पासून पकडलेल्या ज्यूंना एका नाट्यगृहात आणून कोंडत आणि मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल. नाट्यगृहातला कारभार वाल्टर झ्यूस्किंड यांच्याकडे. दोघंही ज्यू. पाळणाघराला लागून असलेल्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते योहान व्हान हुल्स्ट. आईबाप तयार झाले की झ्यूस्किंड नाट्यगृहात आणलेल्यांच्या यादीतून मुलाचं नाव गाळत. मागच्या कुंपणावरून मूल विद्यालयात यायचं. कधी पाळणाघराच्या दारासमोर ट्राम थांबली आणि समोरच्या पहारेकऱ्याची नजर अडली, की तेवढ्यात कुणीतरी मूल घेऊन चालू लागायचं. सुमारे ६०० मुलं अशी सुटली. पिमेंटेल आउशवित्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या, झ्यूस्किंडही युद्धाचा शेवट पाहायला उरले नाहीत. व्हान हुल्स्ट १०७ वर्षं जगून २०१८ साली वारले. सप्टेंबर १९४३ मध्ये पाळणाघर रिकामं केलं गेलं, तेव्हा त्यांना शेवटची १२ मुलं नेता आली. तेरावं का नाही नेलं, हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःलाच विचारला.

विद्यार्थी आणि तरुण मुली ही मुलं आगगाडीने फ्रिसलंडला, लिंबर्गला पोचवत. तिथल्या शेतकऱ्याकडे, खाणकामगाराकडे आधीच चार-सहा पोरं, त्यांत हे एक. शेजाऱ्यांना सांगायचं, रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात घर गेलेलं पोर आहे. धान्य रेशनवर, म्हणून कूपनं चोरून किंवा बनावट आणायची. ड्रेन्थमधल्या न्यूलांडे या गावात तर घरोघरी कुणी ना कुणी लपलेलं होतं. मात्र एकूण देश असा नव्हता. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. चोख जनगणना, आज्ञाधारक कारकून आणि पोलीस यांच्याशिवाय ते जमलं नसतं. १९४३ मध्ये ज्यू शोधून देणाऱ्यांना माणशी साडेसात गिल्डर मिळत होते.

युद्ध संपल्यावरचा भाग आम्हाला अधिक अवघड वाटतो. लपवलेल्यांपैकी सुमारे २००० मुलं पोरकी झाली होती. त्यांचं काय करायचं, हे ठरवायला सरकारने १९४५ मध्ये आयोग नेमला. अध्यक्ष गेझिना व्हान डर मोलन, स्वतः प्रतिकार चळवळीतल्या आणि मुलं वाचवणाऱ्या. आयोगात ज्यू सदस्य अल्पसंख्य. कत्तलीतून उरलेला समाज म्हणत होता, आमची मुलं आम्हाला द्या. सांभाळणारे म्हणत होते, हे आता आमचं आहे. काहींनी तर मुलाचा बाप्तिस्माही करून टाकला होता. आपल्याकडे कृष्ण मथुरेला गेल्यावर यशोदेचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथे यशोदेने मूल सोडायलाच नकार दिला, आणि देवकी परत आलीच नव्हती. वाद कोर्टात गेले, काही मुलांना पुन्हा लपवलं गेलं, या वेळी त्यांच्याच नातेवाइकांपासून. तीनशेहून अधिक मुलं शेवटी ख्रिस्ती घरांतच राहिली.

आमचं मत स्पष्ट आहे. जीव धोक्यात घालून ज्यांनी दार उघडलं, त्यांचं ऋण फिटणारं नाही. पण त्या ऋणापोटी मुलाचा धर्म आणि गोत मागण्याचा हक्क त्यांना पोचत नव्हता. आयोगाने तो मान्य केला, ही चूक होती. पाच-सात वर्षांच्या त्या मुलाला यातलं काय हवं होतं, याला मात्र आमच्याकडे सरसकट उत्तर नाही. कित्येकांनी दोन्ही घरं मनात ठेवूनच आयुष्य काढलं.

अंकातले लेखही एका बाजूचे नाहीत. सांभाळणाऱ्यांनी लिहिलं आहे, तसं सांभाळलं गेलेल्यांनीही, आणि दोघांचं पटत नाही तिथे आम्ही कात्री लावलेली नाही. तुमच्या घरात असं कुणी वाढलं असेल, किंवा तुम्हीच वाढला असाल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत. सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.