संकेतार्थासाठी इंग्रजीच्या दारात कशाला?

आपल्याकडे स्पॅनिश शिकविताना भूतकाळी संभावनार्थाचा पाठ आला, की फळ्यावर प्रथम एक इंग्रजी वाक्य उमटते आणि मग तक्ता पाठ करण्याचे फर्मान सुटते. ही पद्धत उफराटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीत या अर्थाचे स्वतंत्र रूप जवळजवळ नामशेष झाले आहे. 'वेअर' हा काय तो अवशेष. ज्याच्या घरचा दिवा विझत आला, त्याच्याकडे वात पेटवायला जाण्याचा हा अट्टाहास का?

रूपे तर मुळीच अवघड नाहीत. साध्या भूतकाळाचे तृतीयपुरुषी अनेकवचन घ्यावे : आब्लारोन (ते बोलले), कोमिएरोन (ते जेवले), बिबिएरोन (ते राहिले). शेवटचा 'रोन' काढून रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय लावावेत. नियमित धातूंचीच गोष्ट कशाला, अनियमितांनाही हाच नियम लागतो. 'रा'ऐवजी 'से'ची मालिकाही चालते. गोव्यातील पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांना 'से' ओळखीचा वाटेल. मात्र त्यांच्या 'फालारा'चा अर्थ 'बोलला होता' असा. स्पॅनिश 'रा'चे लॅटिन मूळही तेच.

खरी अडचण उपयोगाची, आणि तेथे मराठी हाताशी असताना आपण परक्याकडे पाहतो. 'त्याने बोलावे अशी तिची इच्छा होती' यातील 'बोलावे' हा आपला विध्यर्थ. स्पॅनिशमध्ये तेथे 'आब्लारा' येते. 'तो सावकाश बोलता तर मला कळते' हा आपला संकेतार्थ. तेथेही 'सी आब्लारा देस्पासिओ, लो एन्तेन्देरिआ'. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये हे अर्थ सविस्तर मांडले. शाळेत ते आपण शिकलोही.

मराठीच्या आधाराने गोंधळ वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. फरक आहेतच, ते सांगावेत. 'इच्छा आहे' म्हणा वा 'होती', आपले 'बोलावे' बदलत नाही. स्पॅनिशमध्ये 'आहे'सोबत 'आब्ले', 'होती'सोबत 'आब्लारा'. आपण दोन्ही वाक्यांशांत एकच अर्थ वापरतो. तेथे 'सी'च्या वाक्यांशात 'रा' आणि मुख्य वाक्यात 'रिआ'. विद्यार्थी चुकतो तो नेमका या दोन ठिकाणी, आणि फळ्यावरचे ते इंग्रजी वाक्य यांपैकी पहिल्या ठिकाणी तर अवाक्षरही काढत नाही.