मार्चअखेर आणि शेवटचे दहा किलोमीटर

गेल्या हिवाळ्यात रायपूरच्या चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात एका कार्यक्रमानंतर चहा घेत असताना एका तरुण अभियंत्याने मला विचारले, "काका, पुढे धावायचेच नसेल, तर सायकल पहिल्यापासूनच जीव तोडून का चालवू नये?" प्रश्न पोहणे आणि सायकल यांच्या जोडशर्यतीविषयी होता. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते अपुरे होते, असे घरी परतताना जाणवत राहिले. शिवाय हा प्रश्न केवळ खेळाचा नसून आम्हां सरकारी नोकरांच्या कारभाराचाही आहे, असे मला उत्तरोत्तर वाटू लागले. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शर्यतीविषयी. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींची मिळून ट्रायथलॉन होते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' ही शर्यत प्रथम झाली, तेव्हापासून मराठी घरांतही तिचे आकडे परिचित झाले आहेत: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. यातून धावणे वगळले की उरते ती 'अ‍ॅक्वाबाइक'. हिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१७ पासून भरते. ज्यांचे गुडघे धावण्यास नकार देतात, पण ज्यांची हौस नकार देत नाही, अशांसाठी ही मोठी सोय आहे. माझा डावा गुडघा काही वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त झाल्याने मीही याच वर्गात मोडतो.

त्या तरुणाच्या युक्तिवादाचा पूर्वार्ध अगदी बरोबर आहे. ट्रायथलॉनमध्ये सायकलस्वाराला पुढच्या धावण्यासाठी पाय राखून ठेवावे लागतात. अ‍ॅक्वाबाइकमध्ये सायकल संपली की शर्यत संपली. तेथे शिल्लक राहिलेली शक्ती ही ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या अनुदानासारखी असते. ती व्यपगत होते आणि पुढच्या वर्षाच्या खाती जमा होत नाही. उत्तरार्धात मात्र गफलत आहे. सर्व खर्च करणे वेगळे आणि सर्व आधीच खर्च करणे वेगळे. हा भेद मला पुस्तकातून नव्हे, नवा रायपूरच्या रस्त्यांवर कळला.

नवा रायपूरचे रुंद, सपाट व पहाटे जवळजवळ निर्मनुष्य असणारे रस्ते सायकलस्वाराला वरदानच आहेत. फेब्रुवारीतील एका रविवारी मी शहरातील तरणतलावात १.९ किलोमीटर पोहून मोटारीने तेथे गेलो आणि ९० किलोमीटरांची स्वतःपुरती परीक्षा दिली. धावायचे नाही, या आनंदात पहिल्या तासात ३३ किलोमीटर कापले. दुसऱ्या तासात ३० झाले. उरलेल्या २७ किलोमीटरांना तब्बल ७२ मिनिटे लागली आणि शेवटी मी हँडलवर डोके टेकवून चालवीत होतो. एकूण ३ तास १२ मिनिटे. दोन आठवड्यांनी त्याच मार्गावर, जवळपास तशाच हवेत, पहिली वीस मिनिटे मी मुद्दाम हात आखडता घेतला. पहिला तास साडेएकोणतीस, दुसरा तीस आणि उरलेले साडेतीस किलोमीटर तासाभरात. एकूण वेळ सुमारे तीन तास. पाय तेच, सायकल तीच. बारा मिनिटे केवळ हिशेबातून निघाली.

हे असे का होते? पहिले कारण, पोहून बाहेर पडताना हृदयाचे ठोके चढलेले असतात आणि आडवे असलेले शरीर एकदम उभे होते. उत्साहामुळे त्या वेळी श्रम प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात. दुसरे कारण हवेचे. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० वरून ३३ वर जाणे म्हणजे वेगात दहा टक्के वाढ, पण त्या विरोधापोटी द्यावी लागणारी शक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे सुरुवातीला मिळवलेली मिनिटे फार महाग दराने विकत घेतलेली असतात. तिसरे कारण इंधनाचे. स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर मर्यादित असते आणि श्रम जितके तीव्र तितकी ती वेगाने जळते. ती संपली की मनोनिग्रह कामास येत नाही. चौथे कारण आपल्या भागातील ऊन. छत्तीसगढमधील शेतमजूर उन्हाळ्यात पहाटेच बासी खाऊन कामाला लागतो आणि ऊन चढण्याआधी मुख्य काम उरकतो. शक्तीची ही वाटणी त्याला कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेली नाही.

समान गतीचा अर्थ घड्याळातील समान वेग असा मात्र घेऊ नये. समान श्रम असा घ्यावा. वाऱ्याचे उदाहरण पाहा. ४५ किलोमीटर वाऱ्याविरुद्ध ताशी २५ ने आणि परतीचे ४५ ताशी ३५ ने कापले, तर सरासरी ३० पडेल असे वाटते. प्रत्यक्षात तीन तासांऐवजी पाच मिनिटे अधिक लागतात, कारण मंद वेगात आपण जास्त काळ घालवतो. म्हणून वाऱ्याविरुद्ध किंवा चढावर श्रम किंचित वाढवावेत आणि वारा पाठीशी असताना किंचित कमी करावेत. हा 'किंचित' शब्द महत्त्वाचा आहे.

माझा व्यावहारिक सल्ला असा. पहिली पंधरा मिनिटे आपण फार सावकाश जात आहोत असे वाटले पाहिजे. त्यानंतर, एक तास जेमतेम टिकवता येते त्या शक्तीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर स्थिर राहावे. पुढे धावायचे असते तर याहून काहीसे खाली राहावे लागले असते. धावणे नसल्याची सवलत एवढीच आहे. दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे केळी, खजूर, चिक्की किंवा गुळाचे पाणी, भूक लागण्याची वाट न पाहता घ्यावी. शेवटच्या तिसऱ्या भागात श्रम हळूहळू वाढवावेत आणि शेवटच्या दहा किलोमीटरांत खजिना रिकामा करावा.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आमच्या शेजारच्या नागपूरचे आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही केली. मुदत बारा दिवसांची. भागाकार केला तर झोप, जेवण व दुरुस्ती धरून ताशी १७ किलोमीटरांहूनही कमी सरासरी पुरते. एखादा तास हा वेग कोणीही राखू शकेल. तो २८८ तास राखणे हीच कसोटी आहे.

आता कारभाराकडे वळतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम ६२ सांगतो, की आर्थिक वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग समजला जाईल. शेवटच्या तिमाहीत अंदाजपत्रकाच्या ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के, अशी मर्यादाही वित्त मंत्रालयाने घालून दिलेली आहे. तरीही मार्चमधील आमच्या दालनांतील दिवे किती उशिरापर्यंत जळतात, हे आमच्या घरच्यांना विचारावे.

वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात असताना, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या यंत्रसामग्रीची देयके मी मंजूर केली. कागद नियमानुसार होते. यंत्रे आली आणि पावसाळा उलटेपर्यंत खोक्यांत पडून राहिली, कारण विजेच्या जोडणीचे काम वर्षाच्या सुरुवातीला कोणी हाती घेतलेच नव्हते. त्या काळात तेथून परत पाठवल्या गेलेल्या रुग्णांची गणती कोणत्याही नोंदवहीत नाही. अनुदान व्यपगत झाले नाही, एवढेच माझे यश. ती सही आजही मला बोचते.

सायकलस्वार सुरुवातीला उधळतो आणि आम्ही शेवटी उधळतो, हा फरक वरवरचा आहे. दोघांचेही पहिल्या तासाचे नियोजन चुकलेले असते. म्हणून केवळ मार्चवर मर्यादा घालणे मला पुरेसे वाटत नाही. थकलेल्या स्वाराला शेवटी "सावकाश चालव" असे सांगण्यासारखे ते आहे. एप्रिल ते जूनमध्ये निविदा, जागा, वीज व मनुष्यबळ यांची किती तयारी झाली, याचा जाब जुलैत विचारला गेला पाहिजे. व्यपगत निधीबद्दल जेवढी भीती आहे, तेवढीच अर्धवट कामाबद्दल निर्माण झाली पाहिजे.

माझ्या निवृत्तीला आता दीड वर्ष उरले आहे. पुढे धावणे नाही. अशा वेळी दोन मोह होतात: पाय सैल सोडून उताराने घरंगळत जाण्याचा, किंवा नाव राहावे म्हणून दहा योजना एकदम सुरू करण्याचा. मी टेबलावर तीन कामांची यादी ठेवली आहे आणि प्रत्येकापुढे महिने लिहिले आहेत. शेवटच्या महिन्यापुढची जागा मुद्दाम भरून ठेवली आहे, कारण माझ्यानंतर येणाऱ्याला खोक्यांत बंद यंत्रे सापडू नयेत, एवढीच इच्छा आहे. त्या तरुण अभियंत्याला माझे पूर्ण उत्तर हेच.