फटफटीच्या नळीचे तोंड

फुलबाजी लावताना तिचे टोक दुसऱ्याच्या अंगाकडे करू नये, हे आपण चार वर्षांच्या पोरालाही शिकवतो. तोच पोरगा मोठा होतो, फटफटी घेतो, तिच्या धुराच्या नळीचे तोंड शेजाऱ्याकडे वळवतो. आणि आपण ‘काय ऐट आहे!’ म्हणून त्याचे कौतुक करतो. माझे भांडण या ऐटीशी आहे.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर भाच्याच्या मागे बसून रांजणगावचा महागणपती केला आणि सिद्धटेककडे निघालो. शिरूर, न्हावरे, चौफुला, पाटस, दौंड असा रस्ता. गाडी लांबच्या प्रवासाची. दोन बाजूंना दोन नळ्या, आणि दोन्हींची टोके हौसेने बाहेर व वर वळवून घेतलेली. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांनी वाट अडवली. आम्ही थांबलो. डाव्या कडेने एक ऊसतोडणीची बाई कडेवर मूल घेऊन चालली होती. भाच्याने मूठ पिळली आणि नळीचा फुत्कार थेट त्या मुलाच्या तोंडावर गेला. बाई काही बोलली नाही. तिने पदराने मुलाचे तोंड झाकले, इतकेच.

“मामा, वर वळवली की ओढ्यात पाणी शिरत नाही,” भाचा म्हणाला. अरे, नळी उंचावरून नेणे वेगळे आणि तिचे तोंड आभाळाकडे करणे वेगळे! उभ्या गाडीच्या वर केलेल्या तोंडात पाऊस मात्र बिनदिक्कत शिरतो. बरे, खाली वळवावी, तर मुरमाच्या रस्त्यावर ती धुरळा उडवते. बाहेर वळवावी, तर आपण डावीकडून चालणारी माणसे. डावी नळी पायी चालणाऱ्यावर रोखली जाते आणि उजवी शेजारून पुढे जाणाऱ्यावर. शिवाय धावत्या गाडीच्या पाठीशी हवेचा भोवरा असतो. त्यात सापडलेला धूर मागे बसलेल्याच्याच अंगावर येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणून तो कमी विषारी ठरत नाही.

मग राहिले काय? सरळ मागे, रस्त्याशी समांतर. आणि टोक असे की बाजूला टांगलेली पिशवी भाजणार नाही, मागच्याची पोटरीही भाजणार नाही. यात शोध कसला? १९६०नंतरच्या दशकात म्हैसूरला बनणाऱ्या जावाला सिलिंडर एक आणि नळ्या दोन होत्या. दोन्ही निमूट मागे पाहत. तिची ऐट त्यामुळे कमी झाली, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

कोणी म्हणेल, गाडी माझी, पैसा माझा. कबूल. पण धूर बाहेर पडला की तो तुमचा राहत नाही. कायद्यालाही हे कळते : कारखान्याने ठरवलेल्या घडणीत मनमानी बदल करण्यास १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई केली आहे. पण शिपाई पाहतो म्हणून सरळ केलेली नळी फाट्यापलीकडे पुन्हा वळेल. ती कुणाच्या तोंडासमोर येते, हे ज्याला दिसले, त्याचीच सरळ राहील.

दौंडला पोचल्यावर भाच्याने गॅरेजवाल्याकडून दोन्ही टोके काढून मूळची बसवून घेतली. मी एक शब्दही बोललो नव्हतो. तो पदर त्यालाही आरशात दिसला असावा.