फुकटच्या हिशेबाची किंमत

मैत्रिणींनो, वाण्याची यादी आपण दोनदा तपासतो. मग उष्मांक मोजणाऱ्या फुकट मोबाईल अ‍ॅपचा जमाखर्च का नको मांडायला?

आधी जमा. साखरेच्या एका लहान चमच्यात (५ ग्रॅम) २० उष्मांक. दिवसाचे चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे १६० झाले की! खाल्लेलं लिहून ठेवलं की असं नकळत पोटात जाणारं दिसू लागतं.

आता खर्च. वय, वजन, जेवणाच्या वेळा, सारं आपणच त्यात भरून देतो. मायफिटनेसपॅल या नावाजलेल्या अ‍ॅपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती २०१८ साली चोरीला गेली. पाकिटावरचा बारकोड वाचायची त्याची फुकट सोय २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव झाली. शिवाय पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच केलेल्या. ‘वाटीभर आमटी’ लिहिणारीची वाटी केवढी, फोडणीत तेल किती, कोण जाणे! तेलाच्या एका लहान चमच्यातच सुमारे ४० उष्मांक असतात.

म्हणून दोनच आठवडे वापरा. पासवर्ड वेगळा ठेवा. सवयी कळल्या की आधी खातं बंद करा, मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढल्यानं माहिती पुसली जात नाही. पुढे साधी वही पुरते.

आणि वाढत्या वयाच्या लेकीच्या हाती हे देऊ नका. आकड्याच्या धाकानं ती ताटातली पोळी मागे सारू लागली, तर तो खर्च कुठल्याच वहीत मावायचा नाही.