नागरिक मंडळांनी यंदा काय मागावे?

वर्षारंभी आपापल्या कार्याची आखणी करण्याकरिता ठिकठिकाणच्या नागरिक मंडळांच्या सभा भरत असतात. पुण्यातील अशाच एका मंडळाच्या सभेस हजर राहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. सभा शिस्तीने झाली, चहाही वेळेवर आला. आणि अडीच तासांच्या ऊहापोहाअंती येत्या वर्षात मंडळाने हाती घ्यावयाच्या कामांची जी यादी सिद्ध झाली, तीत एकंदर 27 बाबी होत्या. पदपथावरील अतिक्रमणापासून मुळामुठेच्या शुद्धीपर्यंत आणि भटक्या कुत्र्यांपासून रेल्वेच्या वेळापत्रकापर्यंत एकही विषय सुटला नाही. सर्व ठराव एकमताने पास झाले. सभेचे वैगुण्य आमच्या मते या एकमतातच आहे. निवड करावयाची म्हटली म्हणजे कोणास तरी 'यंदा नाही' असे सांगावे लागते, आणि तेवढे अप्रिय काम सभेने टाळले.

आठवड्यातून दोन संध्याकाळ देणारे पाचसात गृहस्थ व टपालखर्चापुरती वर्गणी, एवढेच ज्या मंडळाचे भांडवल, त्याने 27 कामे अंगावर घेतली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास एक अर्ज येतो. त्या अर्जास कचेरीत आवक क्रमांक मिळतो, आणि बहुधा तेथेच त्याचे आयुष्य संपते. एका प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजे काय, हे वकिलीत अर्धे आयुष्य घालविलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे. 2005 चा माहितीच्या अधिकाराचा कायदाच घ्या. उत्तर देण्यास अधिकाऱ्यास 30 दिवस. उत्तर न आले अथवा अपुरे आले तर प्रथम अपील करण्यास अर्जदारास 30 दिवस. त्या अपिलाच्या निकालास 30, फार तर 45 दिवस. म्हणजे नुसती कागदपत्रे हाती पडेतोच एक ऋतू उलटतो. अभियंत्यांच्या भेटी, नगरसेवकांची मनधरणी आणि प्रसंगी न्यायालय ही पुढची गोष्ट. असले प्रश्न वर्षात तीन झाले तरी पुष्कळ झाले.

मग ते तीन कोणते? जे महानगरपालिकेच्या अधिकारातलेच नाही, ते यादीतून प्रथम काढावे; रेल्वेचे वेळापत्रक क्षेत्रीय कार्यालयात बदलत नाही. दुसरी गोष्ट तिथीची. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, पण त्याच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव कित्येक महिने आधी चालते. पुणे महानगरपालिकेने 2006-07 पासून, प्रभागातील पाच लाख रुपयांपर्यंतची लहान कामे नागरिकांनी सुचवावी, अशी सोय केली. त्या सूचनाही वर्ष सुरू होण्याच्या फार आधी द्याव्या लागतात. ज्या मंडळाचे वर्ष खजिन्याच्या वर्षाशी जुळत नाही, ते पंगत उठल्यावर पान मागावयास जाते. त्यास कोण वाढणार?

परंतु याहून मोठी गोष्ट त्या सभेत आमच्या दृष्टीस पडली. मोटारी कोठे उभ्या कराव्या, या प्रश्नावर 40 मिनिटे चर्चा झाली. मंडळाच्या हद्दीतच मागच्या अंगास एक वस्ती आहे. तेथून एकच बाई आल्या होत्या. वरच्या गल्लीस पाणी पहाटे साडेतीनला येते आणि पाऊण तासात जाते, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. त्यांस बोलावयास मिळाले तेव्हा निम्मी मंडळी उठून गेली होती. त्यांचे गाऱ्हाणे यादीत आहे. त्याचा क्रमांक 22 आहे.

याच पुण्यात 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. ज्यास सभासद व्हावयाचे, त्याने निदान 50 माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा नियम होता. आणि आरंभीच्या 95 सभासदांपाठीमागे सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील. कोणाच्या वतीने बोलतो हे सांगितल्यावाचून बोलू नये, हा कोर्टाचा शिरस्ता त्यांनी सार्वजनिक कामात आणला, असे आम्ही समजतो. 1876-77 च्या दुष्काळात या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि मग ती सरकारपुढे ठेविली. 1897 मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली. तिच्या अर्जांत दम नव्हता म्हणून नव्हे, हे वाचकांस सांगणे नलगे.

आता कोणी म्हणेल, वस्तीतल्या लोकांस सभेस येण्यास सवड नसते, आणि ज्या पेन्शनर मंडळींस सवड आहे ती बिचारी कामे करतात, तर त्यांसच दोष का? दोष मुळीच नाही. त्यांच्यावाचून मंडळ एक महिनाही चालणार नाही. पण ज्यास सवड नाही त्याच्या दारी सवड असणाऱ्याने जावे, यात अशक्य काय आहे? शिवाय काळही बदलला आहे. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवक नसल्यामुळे लोकांच्या वतीने बोलणारी अशी मंडळेच काय ती उरली, आणि आपणच लोक, अशी त्यांस सवय जडली. निवडून आलेला नगरसेवक उद्या विचारील, 'आपणांस कोणी पाठविले?' तेव्हा सभेचे इतिवृत्त पुढे करून भागणार नाही.

मंडळाने आणखी एक सभा भरवावी अशी आमची सूचना आहे. ती सभागृहात न भरविता त्या वस्तीत, आणि त्या बाईंस सोयीच्या वेळी भरवावी. प्रत्येक कार्यकारी सभासदाने येताना निदान 50 घरांच्या सह्या आणाव्या, आणि तेथे तीन कामे निवडावी. चिटणीस म्हणतात, यादी छापखान्यात गेली आहे. मुद्रिते तपासून व्हावयाची आहेत, असेही आम्ही ऐकतो.