पाकोळीच्या घरट्याचें पक्वान्न

गेल्या वर्षीं सिंगापुरास जाण्याचा योग आला असतां एका चिनी स्नेह्यानें मोठ्या आदरानें आमच्यापुढें एक लहानशी वाटी ठेविली. तींत खडीसाखरेच्या पाण्यांत काचेसारखे तंतू तरंगत होते. "हें यानवो, पाकोळीचें घरटें!" असें त्यानें सांगतांच आमचा हात क्षणभर थबकला.

बोर्निओ बेटांतील निया येथल्यासारख्या गुहांत ही पाकोळी आपल्या लाळेनें भिंतीवर घरटें बांधते. लाळ वाळून घट्ट होते. तें घरटें पाण्यांत भिजवून, चिमट्यानें पीस न् पीस वेंचून, मंद आंचेवर शिजवितात. आजाऱ्यास शक्ति यावी, फुप्फुसांस बळ यावें म्हणून चिनी लोक तें पूर्वापार सेवन करीत आले आहेत. १८ व्या शतकांतील 'लाल महालाचें स्वप्न' या विख्यात चिनी कादंबरींतही आजारी नायिकेस तिची मैत्रीण घरट्याची पेज घेण्याचा सल्ला देते.

आम्हीं वाटी संपविली. चव म्हणावी तर खडीसाखरेचीच! घरट्यांत निम्म्याहून अधिक प्रथिनें असतात हें खरें. परंतु एका वाटींत घरटें पडतें तें जेमतेम कांहीं ग्रॅम. तितकीं प्रथिनें मूठभर डाळींतही मिळतात.

परत आल्यावर ही हकीगत ऐकून घरची मंडळी उद्गारली, "शी! लाळ कसली खातां?" वाचकहो, मध तरी काय आहे? मधमाशीनें पोटांत सांठवून पुन्हां बाहेर टाकलेला फुलांचा रस. बाळंतिणीस आपण प्रेमानें डिंकाचे लाडू देतों. तो डिंक म्हणजे झाडाच्या जखमेंतून पाझरलेला चीकच. तेव्हां परक्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे: घरटें काढलें तेव्हां त्यांत अंडें होतें काय? पिल्लें उडून गेल्यावर रिकामें घरटें घेतलें तर हानि थोडी. पण लोभास वाट पाहण्याची संवय नसते. हा प्रश्न आपल्या दारींही आहे. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवरच्या गुहेंत याच कुळांतील पाकोळ्या राहतात, आणि त्यांचींही घरटीं चोरून नेल्याचे प्रकार घडले आहेत.

सिंगापुरांत त्या दिवशीं हा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं, याची खंत वाटते. मुलांनो, तुम्हांस असा प्रसंग आला तर यजमानाचा मान राखा, नाक मुरडूं नका; परंतु त्या मुक्या पांखराच्या वतीनें तेवढें विचारण्यास विसरूं नका.